डब्यांचा तपासनीस

“डबा उघडा, द्वारकाबाई.”

“भाकरी आणि पालेभाजी आहे हो साहेब. दुसरं काय असणार?”

“तेच बघायचंय. झाकण काढा.”

जानेवारीतला रविवार होता, सकाळचे साडेसहा. सोलापुरातल्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाची एक दिवसाची सहल मंगळवेढ्याकडे हुरडा खायला निघाली होती. बसच्या दारात मी उभा, गळ्यात मफलर, हातात यादी. समोर बत्तीस म्हाताऱ्यांची रांग, प्रत्येकाच्या हातात डबा. द्वारकाबाई गवळी म्हणजे संघातल्या सगळ्यांत बोलक्या बाई. त्यांनी नाइलाजानं झाकण काढलं. चमच्यानं भाजी बाजूला सारली तर खाली प्लास्टिकच्या डबीत लिंबाचं लोणचं. डबी मी जप्तीच्या पिशवीत टाकली, वर त्यांच्या नावाची चिकटपट्टी लावली आणि संध्याकाळी परत मिळेल म्हणून सांगितलं. असा जावई मिळाला असता तर मुलगी माहेरीच ठेवून घेतली असती, असं म्हणून त्या बसमध्ये चढल्या.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. तेव्हा मी सदुसष्ट वर्षांचा होतो. नाव रेवणसिद्ध हत्तुरे. वजनमापं तपासणाऱ्या खात्यात निरीक्षक म्हणून बत्तीस वर्षं काढली. पारड्याच्या बुडाला चिकटवलेला चिंचेचा गोळा शोधण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला भाजीखालचं लोणचं काय जड जाणार? निवृत्त झालो, पण खोड जाईना. मग संघानंच मला काम काढून दिलं.

झालं असं होतं की आदल्या मार्चमध्ये संघात रक्तदाब तपासणीचं शिबिर झालं. त्यात माझा दाब एकशे ऐंशी निघाला. डॉक्टरांनी गोळी दिली, मीठ कमी करा म्हणाले. कमी करणं माझ्या स्वभावात नाही. मी तिथंच उभं राहून सांगून टाकलं की आजपासून मीठ बंद, साफ बंद. टाळ्या पडल्या. त्याच आठवड्यात पथ्याच्या खाण्यावर व्याख्यानं झाली: तळलेलं नको, पापड-लोणचं नको, म्हातारपणी तहान लागत नाही म्हणून पाणी घड्याळ लावून प्या. सहलीला मात्र लोक डब्यांतून चिवडा, भजी, शेंगाचटणी आणायचेच. तेव्हा आमचे चिटणीस येमूल मास्तर म्हणाले, आपण पथ्यप्रमुख नेमू या. ते मी झालो. आणि डबा तपासल्याशिवाय बसमध्ये पाय ठेवायचा नाही, ही चाल मी पाडली.

सहा महिन्यांनी माझा दाब उतरला. तो गोळीनं उतरला असणार हे मला आज कळतं. संघानं ऑक्टोबरात माझा शाल देऊन सत्कार केला. मी भाषण ठोकलं. त्यात माझ्या बायकोचा, नीलांबिकेचा, उल्लेख केला. मी तिला म्हटलं होतं की तू तुझ्यापुरतं मीठ घालून घेत जा, तर ती म्हणाली, दोघांच्या घरात दोन भांडी कशाला, तुम्ही सोडलंत तर मीपण सोडलं. हे सांगताना माझा आवाज जड झाला होता. खरंच झाला होता, नाटक नव्हतं. नीला पहिल्या रांगेत बसली होती. लोक वळून तिच्याकडे बघायला लागले तशी तिनं मान खाली घातली.

आता खरं सांगतो. मी अळणी जेवण एकवीस दिवस खाल्लं. बाविसाव्या दिवशी अक्कलकोटची सहल होती. जप्तीची पिशवी माझ्याच सीटखाली. लोक दर्शनाला गेले आणि मी बसमध्ये एकटा राहिलो. कुणाच्या तरी कैरीच्या लोणच्याची एक फोड खाल्ली. डोळ्यांत पाणी आलं हो. त्यानंतर घरी दोन घास खाऊन छान झालंय म्हणायचं आणि फिरायला म्हणून बाहेर पडून कुठं वडा, कुठं शेव, असं माझं चालू झालं. महिन्याच्या सहलीला तर सणच. नीला माझ्यानंतर जेवायची. आमच्यात बायका मागूनच बसतात. मला जेवण जात नाही असं वाटून ती भाकरी आणखी पातळ करायची, डाळीला लिंबू पिळायची.

आणि याच काळात नीलाचं डोकं फिरायला लागलं.

आधी बारीकसारीक होतं. चष्मा धान्याच्या डब्यात सापडला. दिवाळीला तिनं मला दोनदा तेल लावलं, दोनदा अंघोळ घातली. चालताना भिंत धरायची. संक्रांतीला तीस वर्षं शेजारी राहणाऱ्या बाईला तिळगूळ देताना तिला त्या बाईचं नाव आठवेना, नुसती हसत उभी राहिली. पुण्याहून मुलाचा, शिवानंदचा, फोन आला तर म्हणाली, कोण शिवानंद? मग लगेच सावरून घेतलं, पण त्यानं ऐकायचं ते ऐकलं. मला म्हणाला, बाबा, आईला इकडं आणा, डोक्याच्या डॉक्टरला दाखवू, हे वयाचंच आहे, यावर फार औषध नसतं.

नीलाला याचीच भीती होती. तिची आई शेवटी शेवटी कुणालाच ओळखत नव्हती. दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला, तू कुणाची गं, असं विचारायची, आणि गल्लीतली पोरं मुद्दाम समोरून जायची. नीलानं ते चार वर्षं बघितलं होतं. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी ती माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, “मी आईसारखी झाले तर मला माणसांत नेऊ नका. कोंडून ठेवा, पण नेऊ नका.” मी तिला गप्प केलं. बायकोचं असं होणार आणि आपल्याला काहीच करता येणार नाही, या विचारानं मी रात्री उठून तिच्याकडे बघत बसायचो. तरीही पाचच दिवसांनी मी तिला सहलीला आणलं. घरी एकटी ठेवायची मला छाती होईना.

रांगेत शेवटी तीच उभी होती. साहेबांच्या बायकोचाही डबा तपासा, असं मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मी हसत हसतच झाकण काढलं. आत जेवण नव्हतं. नीट घडी घातलेलं ओट्याचं फडकं होतं. नीला माझ्याकडे असं बघत होती की बरोबर आहे ना, आवडीचंच केलंय. मी झटकन झाकण लावलं.

“पास,” मी म्हणालो. बत्तीस वर्षांत मी खोटा शिक्का मारला नव्हता, तो त्या दिवशी मारला.

बसमध्ये ती माझ्याशेजारी खिडकीला बसली. मांडीवर दोन लिटरची पाण्याची बाटली. व्याख्यानात सांगितलेलं तिनं इतकं मनावर घेतलं होतं की दिवसातून दोनदा ती बाटली रिकामी करायची. अर्धी वाट सरायच्या आत तिला दोनदा उतरावं लागलं. येमूल मास्तरांनी जुनी गाणी लावली होती, बायका टाळ्या वाजवत होत्या. नीलाही वाजवत होती, पण गाणं संपल्यावरही वाजवत राहायची. मी तिचे हात हळूच धरून मांडीवर ठेवले. द्वारकाबाईंनी ते बघितलं आणि तोंड फिरवून घेतलं.

शेत मोठं होतं. नजर पोचेल तिथपर्यंत ज्वारी उभी. शेतकऱ्यानं आगटी पेटवून ठेवली होती. कणसं भाजून गडी हातावर चोळायचे आणि हिरवा गरम हुरडा पळसाच्या पानावर टाकायचे. सोबत शेंगाचटणी, दही, गूळ आणि मीठमसाल्याच्या वाट्या मांडलेल्या. मी चटणी आणि मसाला उचलायला लावला. लोक कुरकुरले. हुरडा काय नुसता चावायचा, आम्ही काय बैल आहोत, असं एक जण म्हणाला. मी त्याला मेंदूच्या झटक्याचे आकडे सांगितले. मग सगळे मुकाट्यानं गुळासोबत खायला लागले. नीलाला मी द्वारकाबाईंच्या शेजारी बसवलं आणि लक्ष ठेवा म्हणून सांगितलं.

स्वतः मात्र हुरड्याचं पान घेऊन बसकडे गेलो. बसच्या पलीकडे सावलीत बसलो, पिशवी उघडली आणि द्वारकाबाईंची डबी काढली. हुरडा आणि लिंबाचं मुरलेलं लोणचं. असं जेवण राजाला मिळणार नाही. दोन-चार घास झाले असतील, तेवढ्यात ज्वारीतून सळसळ ऐकू आली आणि नीला बाहेर आली. पायात चप्पल नव्हती. पदर कुठंतरी अडकून फाटला होता. माझ्या तोंडात घास, बोटं मसाल्यानं बरबटलेली. पकडलो गेलो, असंच मला आधी वाटलं.

ती माझ्यापुढे दोन हातांच्या अंतरावर उभी राहिली. डोक्यावर पदर घेतला.

“काका,” ती म्हणाली, “हत्तुऱ्यांचं घर कुठल्या गल्लीत आहे हो? मला तिथं दिलंय.”

एक्केचाळीस वर्षांचा संसार, आणि मी काका. मी तिचं नाव घेतलं. तिचं लक्षच नव्हतं, ती डबीकडे बघत होती. मग ती खाली बसली, हात पुढे केला आणि डबीत बोटं घालून लोणच्याची फोड तोंडात टाकली. दुसरी टाकली. बोटं चोखली. उपाशी लेकरू खातं तशी खात होती.

मी काय केलं असेल? मी डबी तिच्या हातातून ओढून घेतली.

“नको नीला,” मी म्हणालो, “त्यात मीठ आहे.”

ती माझ्या बोटांकडे बघत राहिली. डोळे वर गेले, हातपाय ताठ झाले आणि ती कडेला कलंडली. त्यानंतर मी ओरडलो एवढं आठवतं. माणसं धावत आली. तिला उचलून बसमध्ये घातलं.

मंगळवेढ्यात एका दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शांत होत्या. त्यांनी झटके थांबवायचं इंजेक्शन दिलं, रक्त घेतलं. तासाभरानं मला आत बोलावलं. माझ्यासोबत येमूल मास्तर आणि द्वारकाबाई होते. दोघंही मला एकटं सोडायला तयार नव्हते. मी बाईंना सगळी लक्षणं सांगितली, सासूबाईंचं सांगितलं आणि हे तेच आहे ना, असं विचारलं. त्या म्हणाल्या, थांबा, इतक्यात ठरवू नका. यांच्या रक्तातलं मीठ फार खाली गेलंय, इतक्या कमी मिठानं माणूस भ्रमिष्ट होतो. कुठल्या गोळ्या चालू आहेत, पाणी किती पितात, सगळं विचारलं. नीलालाही रक्तदाबासाठी, लघवी जास्त होणारी गोळी चालू होती, तीही त्यांनी लिहून घेतली.

“आणि जेवणात मीठ?” त्यांनी विचारलं.

माझ्याआधी येमूल मास्तर बोलले. बिचाऱ्यांना अभिमानच होता. म्हणाले, “दहा महिने झाले बाई, दोघांनीही मीठ पूर्ण सोडलंय. आमच्या संघातलं आदर्श जोडपं आहे. साहेबांचा तर आम्ही सत्कार केला.”

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे नीट बघितलं. दोघं एकाच भांड्यातलं खाता का, असं विचारलं. मास्तरांनीच होय म्हणून सांगितलं. त्यांनी कागद पुन्हा वाचला. मग म्हणाल्या, “तेच खाऊन तुम्ही असे ठणठणीत कसे? मग जेवणाचं कारण धरता येणार नाही. डोक्यात काही आहे का ते आधी बघावं लागेल. सलाइन सुरू करते, पण पुढं पाठवायची तयारी ठेवा.”

समोरच्या कॉटवर नीला निजली होती. तोंड किंचित उघडं होतं आणि ओठाच्या कडेला अजून लोणच्याचा लाल डाग होता. बोललो नाही तर ती आईसारखी होणार होती, कागदावर तसं लिहिलं जाणार होतं आणि पुढचे सगळे डॉक्टर तोच कागद वाचणार होते. बोललो तर काय, माझी शाल जाणार होती. आणि तरीही मी लगेच बोललो नाही. मास्तरांच्या समोर, द्वारकाबाईंच्या समोर माझी जीभ वळेना. तेवढा वेळ मी घेतला, तो आजही माझ्या नावावर आहे.

“मी खातो,” मी म्हणालो. “मीठ मी खातो. बाहेर खातो, चोरून खातो. सोडलं होतं ते तिनं एकटीनंच.”

मास्तर म्हणाले, काय बोलताय साहेब, तुम्ही घाबरलाय.

“तुमचं खाल्लंय मास्तर. द्वारकाबाईंचं आज खाल्लं. जप्तीच्या पिशवीतलं. तिनं हात घातला तर मी काढून घेतलं.”

द्वारकाबाई उठल्या, पदर ओला करून त्यांनी नीलाचं तोंड पुसलं आणि तिथंच उशाशी बसून राहिल्या. माझ्याकडे बघितलंही नाही. डॉक्टरीणबाईंनी कागदावर खाडाखोड केली, नवीन काहीतरी लिहिलं. म्हणाल्या, आजोबा, आता मला उपचार नीट करता येईल. मीठ एकदम चढवायचं नसतं, हळूहळू चढवू. दोन-तीन दिवस लागतील.

तीन दिवस मी त्या कॉटजवळ बसून होतो. येईल ना परत, की उशीर केला मी, एवढा एकच विचार. पुण्याहून शिवानंद आला. त्यालाही मीच सांगितलं. तो उठून बाहेर गेला, मग डबा घेऊन आला आणि खाऊन घ्या म्हणाला. तिसऱ्या दिवशी दुपारी नीलानं डोळे उघडले. पोराकडे बघितलं, “शिवा, कधी आलास रे? कामावर कोण आहे?” म्हणाली. तो बाहेर जाऊन रडला. मी तिथंच रडलो.

तो चहा आणायला गेल्यावर मी तिला सगळं सांगितलं. एकवीस दिवसांपासून लोणच्यापर्यंत, काही राखलं नाही. तिनं ऐकून घेतलं. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. सलाइनच्या नळीकडे बघत ती म्हणाली, “मग मी कुणाच्या सोबतीनं खात होते?”

ती पुढे आठ दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. मी पथ्यप्रमुखाचा राजीनामा दिला. मास्तरांनी तो न वाचता खिशात घातला. डबा तपासणी बंद झाली. द्वारकाबाई पुढच्या सहलीला आल्या तेव्हा त्यांनी बसमध्ये सगळ्यांना लोणचं वाढलं, मलाही वाढलं, थोडंसंच. संघात माझ्याविषयी बोलणं व्हायचं ते झालं. त्याचं मला फार वाटलं नाही.

घरी आल्यावर नीलानं एक सांगितलं. स्वयंपाक डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय तेवढ्या मिठाचा होईल, दोघांना एकच. आणि तुम्ही आधी, मी मागून, हे बंद. समोरासमोर बसायचं. “तुम्ही काय खाता ते मला बघू द्या,” ती म्हणाली.

पहिल्या दिवशी आम्ही दोघं ताटं घेऊन बसलो. तिला माझ्यासमोर खाताना लाज वाटत होती. सारखी उठायला बघायची, पाणी आणते म्हणायची, आमटी वाढते म्हणायची. मी तिला उठू दिलं नाही. मग ती खाली मान घालून जेवायला लागली आणि मी बघत राहिलो. भाकरीचा कडक पापुद्रा ती बाजूला काढून ठेवत होती. मऊ भाग आमटीत बुडवून, पार लगदा करून, उजव्या बाजूनंच चावत होती. एक घास संपवायला तिला माझ्या चार घासांएवढा वेळ लागत होता.

“डावीकडून का खात नाहीस?” मी विचारलं.

“तिकडच्या दाढा नाहीत.”

“कधी काढल्यास?”

तिनं घास गिळला. पाणी प्यायली.

“झाली की सहा वर्षं,” ती म्हणाली आणि पुढचा तुकडा आमटीत बुडवला.